तह असताना लढाई: १५७५ साली टिकलेली शांतता १५९३ साली का मोडली?

प्रश्न असा आहे: सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑटोमन (तुर्की, राजधानी इस्तंबूल) आणि हॅब्सबर्ग (राजधानी व्हिएन्ना) या दोन साम्राज्यांत तह होता, तरी हंगेरी आणि क्रोएशियाच्या सीमेवर धाडी, जाळपोळ, माणसं पळवणं चालूच होतं. मग १५९३ साली क्रोएशियातल्या सिसाकला झालेल्या एकाच लढाईवरून १३ वर्षांचं युद्ध कसं पेटलं? आणि त्याआधी तेवढंच रक्त सांडूनही तह का टिकला?

उत्तर आधी थोडक्यात देतो. सीमेवरची घटना किती मोठी यावर युद्ध ठरत नसे. ती घटना स्थानिक लोकांची आगळीक मानून पोटात घालायची, की बादशहाचा अपमान मानून उचलून धरायची, हे इस्तंबूल आणि व्हिएन्ना (१५८३ नंतर प्राग) इथे ठरायचं. दोन्ही बाजूंमधला पत्रव्यवहार मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि विद्यार्थ्यांना शिकवतो आहे. पाठ्यपुस्तकांतलं ‘सीमेवरील चकमकींमुळे युद्ध भडकले’ हे वाक्य मला तेव्हापासून खटकतं. चकमकी तर दर आठवड्याला होत होत्या.

आधी तह काय होता ते पाहू. १५४१ साली सुलतान सुलेमाननं हंगेरीची राजधानी बुडा घेतली आणि हंगेरीचा मधला पट्टा ऑटोमनांकडे गेला. १५४७ साली पहिला मोठा तह झाला आणि हॅब्सबर्गांनी दरवर्षी ३०,००० डुकाट द्यायचं कबूल केलं. सुलेमान वारल्यावर १५६८ साली एदिर्नेला सम्राट मॅक्सिमिलियन दुसरा आणि सुलतान सलीम दुसरा यांच्यात ८ वर्षांचा तह झाला. रक्कम तीच ठेवली. व्हिएन्नाच्या कागदांत ती रक्कम सन्मानाचा नजराणा होती आणि इस्तंबूलच्या कागदांत खंडणी. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही ते तसंच चालू दिलं. तहाची मुदत ठरलेली असे, सुलतान बदलला की तो नव्यानं करावा लागे. म्हणजे दर काही वर्षांनी वाटाघाटी पुन्हा सुरू व्हायच्या, आणि मधल्या काळात सीमेवर घडलेली प्रत्येक गोष्ट त्या बैठकीत सौद्याला उपयोगी पडायची.

सीमा म्हणजे नकाशावरची रेघ नव्हती. ठाणी होती, गढ्या होत्या, लाकडी मेढेकोट होते आणि मध्ये दोन्हीकडून पिळली जाणारी गावं होती. आपल्याकडच्या जुन्या कागदांत दुअमली म्हणतात तोच प्रकार. एकाच गावातला कुणबी ऑटोमन सिपाहीला (जहागीरदार घोडेस्वाराला) सारा द्यायचा आणि सीमेपलीकडे पळून गेलेल्या हंगेरियन जमीनदारालाही द्यायचा. एखाद्या गावानं एका बाजूचा सारा थकवला की ती बाजू घोडेस्वार घेऊन वसुलीला जायची. दुसऱ्या बाजूच्या हिशेबानं ही धाड. पहिल्या बाजूच्या हिशेबानं ही वसुली. तक्रारीच्या कागदांत दोन्ही पक्ष खरं बोलतात असं मी म्हणतो ते यामुळे.

त्यात ठाण्यावरच्या शिबंदीचा पगार. हॅब्सबर्ग शिपायांचे पगार महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं थकायचे, आणि मिळाले तरी बरेचदा पैशांऐवजी कापड मिळायचं. ऑटोमन बाजूलाही शिबंदीचा मोठा भाग लुटीच्या आशेवर जगत होता. त्यामुळे माणसं पकडणं आणि खंड घेऊन सोडणं हा सीमेवरचा रीतसर धंदा झाला होता. कैद्याला स्वतःचा खंड गोळा करायला घरी जाऊ देत, आणि तो परत यावा म्हणून बाकीचे कैदी त्याला जामीन राहत. परतला नाही तर जामिनांचे हाल. या व्यवहाराचे दर, मुदती, शिक्षा दोन्ही बाजूंच्या किल्लेदारांना तोंडपाठ असत. एकमेकांचे शत्रू असलेले हे लोक एकमेकांना राजधानीतल्या मंत्र्यांपेक्षा जास्त ओळखत होते.

तर या सगळ्यात तहभंग कशाला म्हणायचं? रूढी अशी पडली होती की लहान टोळीनं केलेली धाड, तोफा न आणता, किल्ल्याला रीतसर वेढा न घालता केलेली असेल, तर तक्रार करायची, भरपाई मागायची, पण तह मोडला म्हणायचं नाही. तोफा हा खरा निकष. तोफ ओढायला बैल लागतात, रस्ता लागतो, दारूगोळ्याचं भांडार उघडावं लागतं, म्हणजे वरून हुकूम लागतो. घोडेस्वारांची टोळी रात्रीत जाऊन येऊ शकते आणि सकाळी तिचा सरदार म्हणू शकतो की मला माहीतच नव्हतं.

तक्रारीचा प्रवासही ठरलेला होता. एखाद्या गावावर धाड पडली की जवळच्या ठाण्याचा कप्तान समोरच्या बेगला (ऑटोमन सरदाराला) लिहायचा. तिथे निकाल लागला नाही तर प्रकरण बुडाच्या पाशाकडे आणि पलीकडे व्हिएन्नाच्या दरबारी युद्धमंडळाकडे जायचं. हे मंडळ १५५६ साली स्थापन झालं आणि सीमेचा सगळा कारभार त्याच्या हाती आला. बुडाचे पाशा व्हिएन्नाच्या आर्चड्यूकला (हॅब्सबर्ग राजपुत्राला) हंगेरियन भाषेत पत्रं लिहीत. ती पत्रं टिकली आहेत आणि या विषयात शिरणाऱ्यानं सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. मायना गोड असतो, शेजारधर्माची आठवण असते, बादशहांच्या पवित्र तहाचा उल्लेख असतो. मग यादी येते: अमुक गाव जाळलं, एवढी माणसं नेली, एवढी गुरं नेली. उत्तरात जवळजवळ नेहमी तीन गोष्टी सापडतात. आमच्या माणसांनी हे हुकमाशिवाय केलं, आम्ही चौकशी करतो. सुरुवात तुमच्या माणसांनी केली. आणि आता ही आमची यादी पाहा.

ही उत्तरं वाचून नवे अभ्यासक चिडतात, कारण त्यांना यात निव्वळ टोलवाटोलवी दिसते. मला वाटतं त्यात मोठी शहाणीव होती. ‘हुकमाशिवाय केलं’ हे वाक्य दोन्ही बादशहांची इभ्रत राखायचं. ज्यानं केलं त्याला बेशिस्त ठरवलं की त्याच्या मालकाला जाब द्यावा लागत नाही आणि समोरच्यालाही तलवार उपसावी लागत नाही. दोन यादींची वजाबाकी करून काही कैदी सुटायचे, काही गुरं परत जायची, बाकीचं पुढच्या बैठकीवर.

आता १५७५ सालची गोष्ट, कारण तिच्याशिवाय १५९३ कळत नाही.

हेर्बार्ड फॉन आउअर्सपेर्ग हा क्रोएशियाच्या सीमेवरचा हॅब्सबर्ग सेनानी. क्रायना प्रांताचा कारभारीही तोच. १५७५ च्या सप्टेंबरात बोस्नियाचा संजकबेग (जिल्ह्याचा लष्करी कारभारी) फरहाद सोकोलोविच धाडीवर आला आणि बुदाच्कीजवळ झालेल्या लढाईत आउअर्सपेर्ग मारला गेला. त्याचा मुलगा वोल्फ एंगेलब्रेख्ट कैद झाला. बापाचं मुंडकं इस्तंबूलला पाठवलं गेलं आणि तिथे ते मिरवण्यात आलं. हॅब्सबर्ग वकील डाव्हिड उंगनाड त्या वेळी इस्तंबूलमध्येच होता. आपल्या सीमेच्या सेनापतीचं मुंडकं ज्या दरबाराच्या समोरून मिरवलं गेलं, त्याच दरबारात त्याला नजराण्याच्या आणि तहाच्या गोष्टी करायच्या होत्या. तक्रारी झाल्या, निषेध झाला, मुलासाठी खंड भरला गेला आणि तह चालू राहिला. बान्या लुकातली प्रसिद्ध फरहादिया मशीद १५७९ साली पूर्ण झाली ती याच खंडाच्या पैशातून, असं परंपरा सांगते. (ती मशीद १९९३ साली सुरुंग लावून उडवली गेली आणि पुन्हा बांधून २०१६ साली उघडली. त्या भागातल्या लोकांना सोळावं शतक किती जवळचं आहे हे अशा ठिकाणी कळतं.)

१५७५ साली युद्ध का झालं नाही? व्हिएन्नाला युद्ध परवडत नव्हतं, हे एक. पण ऑटोमन बाजूलाही मोठा वजीर सोकोल्लू मेहमेद पाशा पश्चिमेकडे शांतता ठेवण्याच्या मताचा होता, आणि बुडाला त्याच्याच घराण्यातला मुस्तफा पाशा १५६६ पासून बसलेला होता. वजीर आणि सीमेवरचा पाशा एका घराचे असले की तक्रारी वाटेतच विझतात. पुढे १५७८ साली इराणच्या सफवींशी युद्ध सुरू झालं, त्याच वर्षी मुस्तफा पाशाला देहदंड झाला आणि पुढच्या वर्षी सोकोल्लू मेहमेदचा खून झाला. तरी तह टिकला, कारण आता सगळं सैन्य आणि पैसा कॉकेशसकडे चालला होता. १५८७ साली कात्सोर्लाकच्या दलदलीत हंगेरियन कप्तानांनी परतणाऱ्या ऑटोमन धाडीला गाठून मोठी कत्तल केली. १५८८ साली सिक्सोला पुन्हा तसंच घडलं. दोन्ही ठिकाणी हजारो माणसं एकमेकांना भिडली होती. कुठल्याही व्याख्येनं या लढायाच. इस्तंबूलनं संताप व्यक्त केला, दटावणी केली, भरपाई मागितली, आणि तहाची मुदत पुन्हा वाढली.

१५९० साली चित्र बदललं. सफवींशी तह झाला आणि पूर्वेकडचं मोठं सैन्य मोकळं झालं. मोकळं सैन्य म्हणजे पगार मागणारं सैन्य. १५८० च्या दशकाच्या मध्याला आकचे या चांदीच्या नाण्याची किंमत घसरवली गेली होती, त्यावरून १५८९ साली राजधानीत शिपायांचा उठाव झाला होता. जानेवारी १५९३ मध्ये दरबारी घोडदळ पगारावरून पुन्हा उठलं. त्या गडबडीत मोठा वजीर सियावुश पाशा पदावरून गेला आणि त्याच्या जागी वयोवृद्ध कोजा सिनान पाशा आला. सिनाननं ट्युनिस घेतलं होतं, पण इराणच्या आघाडीवर त्याच्या हाती काही लागलं नव्हतं. तिथलं यश त्याचा प्रतिस्पर्धी फरहाद पाशा याच्या नावावर जमा झालं होतं. (हा बोस्नियाचा फरहाद नव्हे.) सिनानला पश्चिमेत मोहीम हवी होती. राजधानीतल्या शिपायांना कुठेतरी पाठवणं सुलतान मुराद तिसऱ्यालाही सोयीचं होतं.

इकडे सीमेवर १५९१ पासून बोस्नियाचा पाशा होता हसन प्रेदोयेविच. त्यानं जुनी रूढी मोडली. त्याची नजर गावं आणि गुरं यांच्यापलीकडे, किल्ल्यांवर होती. १५९१ साली त्यानं सिसाकवर चाल केली, १५९२ च्या जूनमध्ये तोफा लावून बिहाच घेतलं, मग कुपा नदीकाठी पेत्रिन्याला नवा कोट उभा केला. बिहाच हे काही रानातलं ठाणं नव्हतं, क्रोएशियाच्या संरक्षणाची ती एक किल्ली होती. तह चालू असताना ते गेलं.

माझ्या मते युद्धाचा खरा क्षण इथे आहे, सिसाकच्या एक वर्ष आधी. व्हिएन्ना आणि प्रागनं नेहमीच्या वाटेनं तक्रार केली. नेहमीचं उत्तर आलं असतं, म्हणजे पाशा हुकमाबाहेर वागला, त्याला काढतो, किल्ला परत देतो, तर सगळं पूर्वीसारखं चालू राहिलं असतं. बिहाच परत मिळालं नाही. हसन पाशा जागेवर राहिला. (बिहाच पुढे १८७८ पर्यंत ऑटोमनांकडेच होतं.) ‘हुकमाशिवाय’ हा बचाव इस्तंबूलनं घेतलाच नाही, म्हणजेच हसनचं कृत्य आपलं मानलं. सम्राट रूडॉल्फ दुसऱ्यानं मग नजराणा रोखून धरला. त्याच्या बाजूनं हे रास्त होतं. इस्तंबूलच्या हिशेबानं मात्र खंडणी थकली, आणि तह मोडल्याचा ठपका ठेवायला तेवढं पुरे होतं.

अशा स्थितीत १५९३ च्या जूनमध्ये हसन पाशा तिसऱ्यांदा सिसाकसमोर आला. सिसाकचा किल्ला आजही पाहता येतो. कुपा आणि सावा नद्यांच्या संगमाजवळ, विटांचा, त्रिकोणी, तीन कोपऱ्यांवर तीन गोल बुरूज. तो झाग्रेबच्या धर्मपीठाच्या मालकीचा होता, आत शिबंदी थोडी होती. पाशानं कुपेवर पूल टाकून सैन्य अलीकडे आणलं. २२ जूनला रुप्रेख्ट फॉन एगेनबेर्ग, आंद्रेआस फॉन आउअर्सपेर्ग आणि क्रोएशियाचा बान (राज्यपाल) तामाश एर्दोदी यांची फौज येऊन धडकली. हा आंद्रेआस १५७५ साली मारल्या गेलेल्या हेर्बार्डच्याच कुळातला. दोन नद्यांच्या बेचक्यात अडकलेल्या ऑटोमन सैन्याला मागे फक्त तो पूल होता. पुलाची वाट बंद झाली तशी माणसं पाण्यात गेली. लढून मेली त्याहून जास्त बुडून मेली असावीत. स्वतः हसन पाशा बुडाला, त्याच्याबरोबर कित्येक बेग गेले, आणि त्यांत सुलतानाच्या नात्यातला एक तरुण सरदारही होता.

राजघराण्याच्या नातलगाचा मृत्यू ही गोष्ट दरबारात दाबून ठेवता येत नाही, हे खरंच. तरीही लक्षात घ्या, पाशा समोरच्या मुलखात वेढा घालायला गेला होता आणि हरला होता. सोकोल्लूच्या काळात हीच बातमी आली असती तर मेलेल्या पाशालाच आगाऊ ठरवून प्रकरण मिटवता आलं असतं. मेलेल्या माणसावर दोष टाकणं सर्वांत सोपं. सिनाननं ते केलं नाही. बातमी आल्यावर काही आठवड्यांतच तो सैन्य घेऊन निघाला. सिसाक त्याच उन्हाळ्यात ऑटोमनांनी घेतलं (पुढच्या वर्षी ते परत हॅब्सबर्गांकडे गेलं), ऑक्टोबरात वेस्प्रेम पडलं, आणि १३ वर्षांचं युद्ध सुरू झालं.

वकिलाचं काय झालं, हेही सांगायला हवं, कारण मुत्सद्देगिरीचे कागद वाचताना आपण ते लिहिणाऱ्याचा जीव विसरतो. फ्रीडरिख फॉन क्रेकविट्झ १५९१ साली नजराणा घेऊन इस्तंबूलला गेला होता. युद्ध ठरताच त्याला आणि त्याच्या माणसांना कैद केलं गेलं. ऑटोमन प्रथेत तह मोडला की वकील ओलीस व्हायचा. १५५१ साली हॅब्सबर्ग सैन्य ट्रान्सिल्व्हेनियात शिरलं तेव्हा माल्वेत्सी या वकिलालाही असंच कोंडलं होतं. क्रेकविट्झ कैदेतच वारला. त्याच्या ताफ्यातला बोहेमियाचा एक कोवळा मुलगा, वात्स्लाव व्रातिस्लाव, बॉस्फरसच्या काठावरच्या काळ्या बुरुजात काही वर्षं काढून सुटला आणि त्यानं ती हकिगत लिहून ठेवली. ज्या माणसानं बिहाचची तक्रार दरबारात मांडायची, तिची किंमत त्यालाच मोजावी लागली. क्रेकविट्झच्या अहवालांत भीतीनं शब्द मवाळ झाले असतील, हे धरूनच ते वाचावेत.

युद्धाचा तपशील इथे लांबवत नाही. एस्तरगोम, एगेर, ग्योर हे किल्ले इकडून तिकडे गेले, मेझोकेरेस्तेशची १५९६ सालची मोठी लढाई ऑटोमनांनी जिंकली, तरी युद्धाचा निकाल कुणाच्याच बाजूनं लागला नाही. १६०३ साली सफवी पुन्हा उठले, आनातोलियात बंडं पेटली, आणि हॅब्सबर्गांविरुद्ध हंगेरियन सरदार बोच्काईनं हंगेरीत उठाव केला. दोघेही दमले. नोव्हेंबर १६०६ मध्ये झित्वा नदी डॅन्यूबला मिळते तिथे, कोमारोमजवळ, तंबूंत बसून २० वर्षांचा तह झाला. वार्षिक रक्कम संपली, तिच्या जागी एकदाच २,००,००० फ्लोरिन. आणि ज्याला इस्तंबूल आजवर ‘व्हिएन्नाचा राजा’ म्हणत आलं होतं, त्याला यापुढे सम्राट म्हणायचं ठरलं.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं त्यातली महत्त्वाची कलमं मात्र कमी चर्चेतली आहेत. धाडींना बंदी, धाड घालणाऱ्याला त्याच्याच बाजूनं पकडून शिक्षा, लुटीची भरपाई, आणि तंटा आधी सीमेवरच्या अधिकाऱ्यांनी, म्हणजे बुडाच्या पाशानं आणि समोरच्या सेनानींनी, मिटवायचा. जे आजवर रूढीनं चालत होतं ते आता कागदावर आलं. दोन्ही बाजूंच्या प्रतींत फरक होता आणि त्यावरून पुढची कित्येक वर्षं वाद झाले. धाडी तर काही थांबल्या नाहीत. दुअमली गावांच्या याद्यांवरून तंटे १६२७ च्या स्योन्य इथल्या तहापर्यंत आणि त्यानंतरही चालले. पण १६०६ नंतर अर्धं शतकाहून जास्त काळ ही दोन साम्राज्यं पूर्ण युद्धात पडली नाहीत, त्यात या कलमांचा मोठा वाटा आहे असं मी मानतो. जमिनीवर मोजून रेघ आखण्याचं काम १६९९ च्या कार्लोवित्झच्या तहानंतर झालं. हॅब्सबर्गांकडून ते लुइजी फेर्दिनांदो मार्सिलीनं केलं. हा माणूस १६८३ साली ऑटोमनांच्या कैदेत गुलाम म्हणून राहून आलेला होता.

एक शंका उरते, आणि ती चांगली आहे: सीमेवरची माणसं खरोखरच बेशिस्त असतील तर? राजधानीला त्यांना आवरणं शक्यच नसेल तर?

याला सेन्यचे उस्कोक हे उत्तर आहे. १५३७ साली क्लिसचा किल्ला ऑटोमनांनी घेतल्यावर तिथले लढवय्ये एड्रियाटिकच्या काठी सेन्यला येऊन राहिले. हॅब्सबर्गांनी त्यांना सीमेच्या शिबंदीत घेतलं, पण सगळ्यांना पगार दिला नाही. ते होड्यांतून जाऊन ऑटोमन मुलूख लुटत आणि वाटेत व्हेनिसची जहाजंही. सुलतान व्हेनिसला जाब विचारायचा, कारण त्या समुद्राच्या सुरक्षिततेची हमी व्हेनिस देत होतं. व्हेनिस हॅब्सबर्गांना विचारायचं. हॅब्सबर्ग म्हणायचे की हे लोक आमचं ऐकत नाहीत. ऐकत नसत हे पुष्कळ अंशी खरं होतं. १६०१ साली योसेफ राबाता नावाचा अधिकारी त्यांना वठणीवर आणायला गेला, त्यानं पुढाऱ्यांना फासावर दिलं, आणि वर्ष संपता संपता उस्कोकांनी त्यालाच मारलं. यावरून त्यांना आवरणं अशक्यच होतं असं वाटेल. पण १६१५ साली व्हेनिसनं थेट हॅब्सबर्गांशी युद्ध पुकारलं, दोन वर्षं ते अंगावर आलं, आणि १६१७ च्या तहात हॅब्सबर्गांनी उस्कोकांना सेन्यहून हलवायचं कबूल केलं. त्यांच्या होड्या जाळल्या गेल्या, माणसं किनाऱ्यापासून आत नेऊन वसवली गेली आणि सेन्यमध्ये पगारी जर्मन शिबंदी आली. ८० वर्षं जे जमत नव्हतं ते तह झाल्यावर थोड्याच काळात पार पडलं.